पदकाची कड

जुन्या वस्तूंचा संग्रह करण्याची आवड आपल्या समाजात नवी नाही. कोणी शिवराई पैसे जमवितो, कोणी मोडी दप्तरे, कोणी अडकित्ते, तर कोणी निरनिराळ्या घाटांच्या समया. ह्या मंडळीत लढाईची पदके जमविणारांचाही एक लहानसा वर्ग आहे. जुन्या बाजारातील तांब्यापितळेच्या ढिगात, अथवा सराफाच्या दुकानी मोडीत आलेल्या चांदीबरोबर, रुपयाहून थोडे मोठे असे एक वाटोळे पदक कधी कधी हाती लागते. एका बाजूस राजाचे अथवा राणीचे मस्तक, दुसऱ्या बाजूस घोडेस्वार, सिंह किंवा पंखांची जयदेवता, आणि वर फीत ओवण्यासाठी एक आडवी दांडी, असा त्याचा थाट असतो. खेड्यात त्याला 'बिल्ला' म्हणतात. संग्राहक त्याचे वजन पाहतो, चांदीचा कस पाहतो, मुद्रा किती झिजली आहे हे पाहतो आणि किंमत ठरवितो. ज्या घरात असा बिल्ला पिढ्यान् पिढ्या जपलेला असतो, तेथेही मुलांना तो दाखविताना वडील माणसे राजाच्या तोंडाकडेच बोट करतात.

आमचे म्हणणे असे की, पदक वाचावयाचे ते तोंडाकडून नव्हे, कडेकडून. ती कड जेमतेम एक सूत जाडीची असते. परंतु भिंगाखाली धरून पदक हळूहळू फिरविले, म्हणजे तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली एक ओळ दिसू लागते. शिपायाचा नंबर, त्याचा हुद्दा, त्याचे नाव व त्याची पलटण, एवढाच मजकूर तीत असतो. राजाचे मस्तक लक्षावधी पदकांवर एकसारखेच आहे. कडेवरची ओळ मात्र त्या एकाच पदकावर आहे, जगात दुसरीकडे कोठेही नाही. पदकांच्या संग्रहास इतिहास हे नाव शोभावयाचे असेल, तर त्याचा आरंभ ह्या ओळीपासून झाला पाहिजे, आणि ती ओळ ज्याची, त्या माणसापर्यंत व त्याच्या गावापर्यंत तो जाऊन पोचला पाहिजे. एरवी तो संग्रह म्हणजे नुसती चांदीची साठवण होय.

कडेवर नाव घालण्याची ही चाल फार जुनी नाही. आपल्या देशात शिपायांस पदके देण्याचा प्रघात ईस्ट इंडिया कंपनीने पाडला, आणि त्याचा आरंभ ज्या युद्धापासून झाला ते मराठ्यांशीच झालेले युद्ध होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात जनरल गॉडर्ड ह्याच्या हाताखाली बंगालकडील ज्या पलटणी मध्य हिंदुस्थान ओलांडून पश्चिम किनाऱ्याकडे आल्या, त्यांतील देशी लोकांसाठी कंपनीने १७८४ साली 'डेक्कन पदक' काढले. त्यावर फारसी लेख आहे, शिपायाचे नाव नाही. पुढे १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, तेव्हा ब्रिटिश सिंह म्हैसूरच्या वाघास लोळवीत आहे अशी मुद्रा असलेले पदक निघाले. ते पाच प्रकारचे होते. सेनापतींस सोन्याचे, वरच्या अंमलदारांस सोन्याच्या मुलाम्याचे, खालच्या अंमलदारांस चांदीचे, हवालदार-नाईकांस काशाचे आणि साध्या शिपायास कथलाचे! किल्ल्याच्या भगदाडात शिरताना गोळी सर्वांस सारखीच लागली असेल, पण तिचे मोल मात्र असे धातूंच्या उतरंडीने ठरले. ह्या पदकावरही नाव घातलेले नव्हते. इंग्लंडच्या सरकारने १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर सर्व दर्जांच्या लोकांस एकाच धातूचे, आणि कडेवर ज्याचे त्याचे नाव ठोकलेले पदक दिले. नावाची चाल रूढ झाली ती तेथपासून.

आपल्या प्रांताच्या इतिहासाशी ज्याचा अगदी निकटचा संबंध आहे असे पदक म्हणजे १८५१ साली मंजूर झालेले 'आर्मी ऑफ इंडिया' पदक होय. १८०३ पासून १८२६ पर्यंतच्या लढायांसाठी ते होते, आणि लढाईचे नाव कोरलेली एकेक आडवी पट्टी त्याच्या दांडीवर बसवीत. असई, अडगाव, गाविलगड, असीरगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव अशी नावे त्या पट्ट्यांवर आहेत. पेशवाईच्या अखेरच्या पर्वाची ही जणू अनुक्रमणिकाच होय, फक्त ती विजेत्याच्या हातची आहे. पण ह्या पदकाची खरी गोम निराळीच आहे. ते मंजूर होईपर्यंत असईच्या लढाईस ४८ वर्षे व कोरेगावच्या लढाईस ३३ वर्षे लोटली होती, आणि पदक मिळावयाचे ते फक्त हयात असलेल्यांस! जो रणांगणावर पडला तो तर गेलाच, पण जो जगून घरी आला व मग म्हातारपणाने अथवा पटकीने मेला, त्याचेही नाव गेले. म्हणून ह्या पदकाच्या एखाद्या कडेवर देशी शिपायाचे नाव आढळले, तर ते त्याच्याबरोबरच्या शेकडो नाव नसलेल्यांचे स्मारक समजावे.

धातूंची उतरंड पुढेही चालू राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत लढणाऱ्या शिपायास चांदीचे, व त्याच मोहिमेत पखालीने पाणी पुरविणारा, डोली वाहणारा, खेचरे हाकणारा अथवा झाडलोट करणारा जो नोकरवर्ग असे त्यास त्याच मुद्रेचे, पण काशाचे पदक देऊ लागले. १९१४-१८ च्या महायुद्धानंतर जे 'ब्रिटिश वॉर मेडल' निघाले, ते चांदीत सुमारे ६५ लाख पाडले गेले, आणि काशात सुमारे १,१०,००० पाडले गेले. ही काशाची पदके मजूर पलटणींतील चिनी, माल्टी व हिंदी लोकांस मिळाली. गंमत अशी की, ब्रिटिश साम्राज्यातील शौर्याचे सर्वांत श्रेष्ठ पदक जो 'व्हिक्टोरिया क्रॉस', तोही काशाचाच आहे, आणि आपल्या प्रजासत्ताकाने १९५० साली स्थापन केलेले 'परमवीर चक्र'ही त्याच धातूचे आहे. म्हणजे हीनता काशात नव्हती, देणाऱ्याच्या नजरेत होती. आज हौशी बाजारात काशाचे वॉर मेडल चांदीच्या पदकाहून दुर्मिळ म्हणून अधिक मोलाचे समजतात. ज्याला दिले तो पाणक्या अथवा मजूर हे पाहावयास जिवंत असता, तर त्यास काय वाटले असते कोण जाणे!

ह्या साऱ्या व्यवहारात एक वस्तू मात्र समतेने घडविलेली आहे. त्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या वारसास काशाची एक चकती पाठविण्यात आली. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे लहानशा ताम्हनाएवढी ती असते. तीवर मृताचे नाव उठावाच्या अक्षरांत असते, पण हुद्दा नसतो. मरणात थोरला-धाकटा नाही, ह्या भावनेने तो मुद्दाम गाळलेला आहे. अशा साडेतेरा लाखांहून अधिक चकत्या घडविल्या गेल्या. कोकणात अथवा घाटावर एखाद्या घरी ही चकती असेल, तर ती भांडे म्हणून वापरात जाऊ नये एवढीच विनंती. तिच्यावरचे नाव त्या घरातून गेलेल्या कोणा मुलाचे आहे.

आता ज्या युद्धाची पदके महाराष्ट्रात सर्वांत अधिक आढळतात, त्या युद्धाकडे वळू. १९१४-१८ च्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसे गेली, व त्यांपैकी सुमारे ७४,००० परत आली नाहीत. मराठी मुलखातील पलटणींचे रक्त विशेषेकरून सांडले ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. त्या आघाडीवर प्रथम उतरलेल्या फौजेचे नावच सहावी पुणे डिव्हिजन असे होते. तीत १०३, ११० व ११७ ह्या तीन मराठा पलटणी होत्या. १९१४ च्या नोव्हेंबरात ही फौज शत-अल-अरबच्या मुखाशी उतरली, बसरा घेतले, तैग्रिस नदीच्या काठाने वर वर सरकत गेली, आणि २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे तिची गती खुंटली. मागे हटून ती कुत-अल-अमारा येथे कोंडली गेली. सुमारे पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या स्वाधीन झाली. पुढे वाळवंटातील पायपिटीत व बंदिवासात त्यांतील किती तरी मेली. ११७ व्या मराठा पलटणीस ह्या मोहिमेतील कामगिरीबद्दल १९२१ साली 'रॉयल' हे बिरुद मिळाले. बिरुद पलटणीस मिळाले. माणसांचे काय झाले?

ह्या प्रश्नाचे उत्तर दगडावर शोधावयास जावे, तर निराशा पदरी येते. फ्रान्समध्ये न्यव्ह शापेल येथे १९२७ साली हिंदी सैनिकांचे स्मारक उभे राहिले. त्यावर ४,७०० हून अधिक माणसांची नावे आहेत. पण बसऱ्याच्या स्मारकाची कथा निराळी. ज्यांची थडगी ठाऊक नाहीत अशा ४०,००० हून अधिक मृतांसाठी ते १९२९ साली उभारले. त्यावर इंग्रजांची व अंमलदारांची नावे कोरली, आणि हिंदी शिपायांच्या बाबतीत अमक्या पलटणीचे इतके, तमक्या पलटणीचे इतके, असे आकडे कोरून काम भागविले. नावे वहीत राहिली. १९९७ साली इराकी सरकारने ते स्मारक मूळ जागेवरून हलवून बसऱ्यापासून सुमारे ३२ किलोमीटरवर नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेऊन ठेवले. ज्या संस्थेकडे ह्या स्मारकांची व्यवस्था आहे त्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनने २०२१ च्या एप्रिलमध्ये आपला अहवाल प्रसिद्ध करून ह्या पक्षपाताची जाहीर कबुली दिली. निदान १,१६,००० आफ्रिकी व आशियाई मृतांचे नावाने, अथवा मुळीच, स्मरण झालेले नाही, आणि तो आकडा साडेतीन लाखांपर्यंतही जाऊ शकेल, असे त्यात म्हटले आहे.

घरच्या बाजूसही तीच तऱ्हा. आपल्याकडील कित्येक गावांत चावडीवर अथवा शाळेच्या भिंतीत बसविलेली संगमरवरी पाटी आढळते. १९१४-१९१९ च्या महायुद्धात ह्या गावाहून इतकी माणसे गेली व त्यांपैकी इतकी कामी आली, असे तीवर लिहिलेले असते. साताऱ्याजवळील अपशिंगे गाव तर लष्करी परंपरेमुळे 'अपशिंगे मिलिटरी' ह्या नावानेच ओळखले जाते, आणि त्या गावची ४६ माणसे त्या महायुद्धात कामी आली असे तेथील स्मारक सांगते. परंतु गावोगावच्या ह्या पाट्यांवर असतो तो आकडा. पाटी बसविली तेव्हा नावे सर्वांस पाठ होती, म्हणून लिहिण्याची जरूर कोणास वाटली नसेल. शंभर वर्षांनी आकडा उरला व नावे पुसली. परदेशी वाळवंटातील दगडावरही गणती, आणि जन्मगावच्या दगडावरही गणतीच. अशा वेळी त्या शिपायाचे नाव धातूत उमटलेले असे एकच ठिकाण पुष्कळदा उरते, आणि ते म्हणजे एक सूत जाडीची ही कड. ती वितळली की नाव वितळले.

ह्या ओळीवरून माणसाचा माग कसा काढावयाचा, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण काम दिसते त्याहून बिकट आहे. पहिली गोष्ट नंबराची. तो नंबर साऱ्या फौजेत एकच नसे. प्रत्येक पलटणीची मालिका स्वतंत्र असल्यामुळे एकच नंबर अनेक पलटणींत सापडतो. सबब पलटण निश्चित केल्यावाचून नंबरास अर्थ नाही. दुसरी गोष्ट पलटणीच्या नावाची. मुंबई इलाख्याच्या पलटणींस १९०३ साली नवे आकडे मिळाले, ते जुन्या आकड्यात शंभर मिळवून. म्हणजे जी तिसरी तीच १०३ वी, जी सतरावी तीच ११७ वी. पुढे १९२२ साली पुन्हा उलथापालथ होऊन १०३ ची पहिली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी व ११७ ची पाचवी अशी 'पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री'त रचना झाली, आणि ११४ वी शिक्षणाची दहावी बटालियन ठरली. ही वंशावळ ज्यास ठाऊक नाही, त्यास आजोबांचे पदक व नातवाचे पदक एकाच पलटणीचे आहे हे कळावयाचे नाही. शिवाय, पलटणीच्या नावावरून जात ठरविण्याची घाईही करू नये. मराठा म्हणविणाऱ्या पलटणींतही दक्षिणी मुसलमानांच्या कंपन्या असत.

तिसरी अडचण नावाच्या लेखनाची. मराठी नाव कोणा कारकुनाने कानाने ऐकून इंग्रजीत उतरलेले, आणि टांकसाळीतील कारागिराने ते पाहून कडेवर ठोकलेले. कधी आडनाव गळते, कधी नाव व आडनाव एक होऊन बसते. त्यातही जाधव, पवार, शिंदे, मोरे, कदम, सावंत ही आडनावे इतकी सामान्य, की एका पलटणीत एकाच नावाचे अनेक निघावेत. येथे नंबरच तारून नेतो. चौथी अडचण, पदकाच्या कडेवर लढाईचे स्थळ नसते. १९१४-१८ च्या वॉर मेडलवर पट्ट्या दिल्याच नाहीत. म्हणून तो शिपाई कुतला होता की फ्रान्सात, की सारा वेळ छावणीतच, हे पलटणीच्या इतिहासावरूनच ताडावे लागते.

कागदपत्रांची स्थिती विषम आहे. त्या महायुद्धातील इंग्रज शिपायांच्या पदकांची सुमारे ४८ लाख पत्रके लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात होती व त्यांवरून शोध लागतो. मात्र त्यांच्या नोकरीची निम्म्याहून अधिक दप्तरे १९४० च्या सप्टेंबरात जर्मन बाँबहल्ल्यात जळाली. हिंदी शिपायांच्या जुन्या पदकांच्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. पंजाबातील सुमारे ३,२०,००० माणसांची गाववार नोंद लाहोरच्या संग्रहालयातील वह्यांत शंभर वर्षे पडून होती. ती २०२१ पासून शोधकांस खुली होऊ लागली, आणि दूर देशी स्थायिक झालेल्या कुटुंबांस आपल्या पणजोबांची नावे सापडू लागली. मेलेल्या शिपायांच्या बाबतीत वॉर ग्रेव्ज कमिशनच्या नोंदीत पुष्कळदा बापाचे अथवा पत्नीचे नाव, गाव, तालुका व जिल्हा दिलेला असतो. येथपर्यंत आले म्हणजे निम्मे काम झाले असे समजावे. पण निम्मेच, कारण नकाशाही बदललेला आहे. नोंदीत 'कुलाबा' असेल तर १९८१ पासून तो रायगड झाला आहे. 'रत्नागिरी' असेल तर ते गाव आज सिंधुदुर्गात असू शकेल. 'सातारा' असेल तर सांगलीत. खेड हा तालुका रत्नागिरीतही आहे व पुण्यातही आहे, कर्जत रायगडातही आहे व नगरातही आहे. सावंतवाडी, जंजिरा, भोर, औंध, कोल्हापूर ही संस्थाने होती, तेव्हा त्यांची नोंद निराळी.

ह्यापुढचे काम पायांनी करावयाचे आहे. गावी जाऊन जुन्या माणसांस विचारावे. आडनाव बाजूस राहून 'सुभेदार' अथवा 'हवालदार' हेच ज्या घराचे नाव पडले आहे, ते घर आधी गाठावे. तलाठ्याकडील जुने फेरफार पाहावेत, जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी, देवळातील देणगीच्या पाट्या वाचाव्यात. जो परत आला त्याचा पत्ता कमिशनच्या नोंदीत लागणार नाही. तो लागला तर गावाच्या आठवणीतच लागेल, आणि ती आठवण दर वर्षी एकेका म्हाताऱ्याबरोबर कमी होत चालली आहे.

पदकांवर ओढवणारी संकटेही पुष्कळ आहेत. पहिले संकट मुशीचे. वॉर मेडलमध्ये सुमारे एक औंस उत्तम चांदी असते. १९८० च्या जानेवारीत जगाच्या बाजारात चांदीचा भाव एकाएकी गगनास भिडला, त्या सुमारास इंग्लंडातही असंख्य पदके वितळली गेली. मग ज्यांच्या घरी दुष्काळात दुसरे काही गहाण टाकावयास नव्हते, त्यांस दोष कोणी द्यावा? दुसरे संकट वाटणीचे. एका शिपायाची तीन पदके तीन मुलांत वाटली जातात व मग ती पुन्हा कधी एकत्र येत नाहीत. तिसरे संकट खोटेपणाचे. कडेवरील साधे नाव कानशीने उडवून तेथे एखादे मोलाचे नाव घालणारे महाभाग आहेत. अशा पदकाचा व्यास मूळच्या ३६ मिलिमीटरांहून किंचित कमी भरतो, म्हणून जाणता संग्राहक चार ठिकाणी माप घेऊन मगच विश्वास ठेवतो. आणि चौथे संकट प्रेमाचे! दर दसऱ्यास चिंच व राख लावून पदक लखलखीत घासणारी माणसे त्या बारीक अक्षरांचा थोडाथोडा लोप करीत असतात. राजाचे नाक झिजले तर बिघडत नाही, पण कड झिजली तर सर्वस्व गेले.

येथे कोणी वाचक विचारील की, परक्या राजाने आपल्या राज्यविस्तारासाठी दिलेली ही पदके, त्यांचे एवढे कौतुक स्वतंत्र देशात कशासाठी? प्रश्न रास्त आहे व तो टाळण्यात अर्थ नाही. डेक्कन पदक मराठ्यांविरुद्धच्या युद्धाचे. १८५७ च्या युद्धाच्या पदकावरील 'सेंट्रल इंडिया' ही पट्टी झाशी व काल्पी घेणाऱ्या फौजेची, आणि तीत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. हे लपवू नये, आणि पदक दिवाणखान्यात मिरवून त्यास स्वातंत्र्याचा इतिहासही म्हणू नये. पण पदकाचे तोंड राजाचे असले, तरी कड राजाची नाही. ज्याच्या वाट्याची जमीन चार भावांत पुरत नव्हती, ज्याच्या घरी पगाराचा मनिऑर्डरीने येणारा पैसा हाच आधार होता, अशा माणसाचे नाव तेथे आहे. त्याने काय केले ते जसेच्या तसे सांगणे हे इतिहासाचे काम आहे. त्यास विसरणे हा कोणत्याही प्रकारचा स्वाभिमान नव्हे.

शिवाय, हे नाव कोणाच्या हातात कोणत्या कामास येईल ह्याचा नेम नसतो. महार समाजाचे उदाहरण पाहावे. मुंबईच्या फौजेत ह्या समाजाची माणसे फार पूर्वीपासून होती. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा जो स्तंभ कोरेगाव येथे आहे, त्यावरील नावांत शेवटी 'नाक' असलेली जी नावे आहेत ती त्यांचीच. असे असता १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली, व पिढीजात वाट एका लेखणीने बुजविली. तेव्हा स्वतः लष्करी पेन्शनर असलेले गोपाळबाबा वलंगकर ह्यांनी १८९४ साली, आणि पुढे शिवराम जानबा कांबळे ह्यांनी १९१० साली सरकारकडे अर्ज केले. वाडवडिलांची नोकरी हाच त्यांच्या मागणीचा आधार होता. युद्धाची निकड लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडली. १९४१ साली बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या पहिल्या टोपीचिन्हावर कोरेगावचाच स्तंभ होता. राजाने जे स्मारक स्वतःच्या विजयासाठी उभारले, त्यावरील नावे दुसऱ्या कोणी आपल्या हक्काचा पुरावा म्हणून वाचली. ज्या पलटणीस अवघ्या चार वर्षांचे आयुष्य मिळाले, तिचे नाव कडेवर असलेले एखादे पदक आज कोठे सापडले, तर त्याचा शोध घेणाऱ्याने हे सारे लक्षात ठेवावे. ती चांदी नव्हे, तो दस्तऐवज आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांविषयी एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. इंग्लंडच्या सरकारने आपल्या शिपायांस ती पदके नावावाचून कोरी दिली. हिंदुस्थानातून जी दिली गेली, त्यांवर मात्र नावे ठोकलेली आहेत. म्हणजे ह्या एका बाबतीत आपल्याकडील घरे अधिक सुदैवी आहेत. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून जाऊन ते घेताना पडलेले नाईक यशवंत घाडगे ह्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे. हे योग्यच झाले. पण त्यांच्याच पलटणीत, त्याच डोंगरावर जी साधी माणसे होती, त्यांचे पुतळे कोठून असणार? त्यांच्यासाठी आहे ती 'इटली स्टार'च्या पाठीवरची एक ओळ. ती तरी नातवंडांस वाचता यावी.

तेव्हा ज्यांच्या घरी असे पदक आहे त्यांस आमचे इतकेच सांगणे आहे की, ते घासू नये, वाटून घेऊ नये, आणि कडेवरील अक्षरे जशीच्या तशी कागदावर उतरून त्याबरोबर घरातील म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात. जे संग्राहक आहेत त्यांनी शोध लागल्यावर ती हकीकत त्या शिपायाच्या गावी कळवावी. गावच्या पाटीवर आकडा आहे, त्याखाली एकेक करून नावे भरावीत. आणि ज्यास पदक विकणे प्राप्त असेल, त्याने निदान तो कागद पदकाबरोबर द्यावा, म्हणजे वस्तू हातची गेली तरी माणूस हरवणार नाही. शंभर वर्षांहून जुन्या अशा ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाने देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानात असावे.

सरकारे गणती ठेवतात. ती त्यांस ठेवावीच लागते, कारण रेशन, पगार व पेन्शन आकड्यांवर चालतात. नाव ठेवण्याचे काम घराचे व गावाचे आहे, आणि जेथे घर विसरले तेथे इतिहासाच्या अभ्यासकाचे आहे. पदकाच्या तोंडावरील राजे गेले, त्यांची राज्ये गेली, त्यांच्या टांकसाळींचे साचे मोडले. कडेवरील नावाचा मात्र अजून कोठेतरी एखादा नातू आहे, आणि आपले आजोबा कोठे गेले होते हे त्यास कोणी सांगितलेले नाही. मराठीत एखाद्याच्या बाजूने उभे राहण्यास त्याची कड घेणे असे म्हणतात. आमच्या मते पदके जमविणाराचे खरे काम तेवढेच आहे.